दोनशे पानी वही आणि अर्धवट राहिलेले ४२ गेम

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे वाचक ३४ वर्षांचे. बेळगावजवळच्या एका गावात राहतात, उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहेत. डिप्लोमाला असताना, २००८ च्या सुमारास, सुटी लागली की ते खानापूरला आत्याकडं जायचे आणि आतेभावाबरोबर 'मॉरोविंड' हा रोल-प्लेइंग, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा, गेम खेळायचे. कॉम्प्युटर जुना, नवे गेम त्यावर चालत नसत. करंट कधी जाईल त्याचा भरवसा नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी सेव्ह करायचं. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याच्या हातात डिक्शनरी. अवघड शब्दांचे अर्थ, गावांची नावं, वाटांचे नकाशे, सगळं एका दोनशे पानी वहीत. आतेभाऊ कन्नड माध्यमाचा, त्यामुळं त्यानं लिहिलेले अर्थ कन्नडमध्ये आणि ह्यांचे मराठीत. ती वही अजून आत्याच्या घरी माळ्यावर असावी, असं ते म्हणतात.

आता आतेभाऊ पुण्यात आहे. ह्यांचं लग्न झालंय, चार वर्षांची मुलगी आहे, हप्त्यावर घेतलेला चांगला लॅपटॉप आहे. सेलमध्ये घेतलेले ४२ गेम आहेत आणि त्यांतला एकही पुरा झालेला नाही. त्यांची एक्सेलमध्ये यादी आहे: नाव, किंमत, किती तास, किती टक्के. नवा गेम घेतला की यूट्यूबवर सगळ्यात चांगला बिल्ड (पात्र कसं घडवायचं त्याचा आराखडा) कुठला ते आधी बघतात, चार-पाच तास खेळतात, सोडतात. 'द विचर ३' मध्ये ब्लडी बॅरनच्या प्रसंगापर्यंत पोचले, तिथं बरोबर पर्याय कुठला ते नेटवर शोधलं आणि त्यानंतर तो गेम उघडलाच नाही. एका रात्री बायको शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "ह्यात तुमचं काम काय असतं?" ह्यांनी "काही नाही" म्हणून लॅपटॉप मिटला. वडील, म्हणजे आप्पा, म्हणतात, "पोरगी झाली तरी गेमच खेळायलाय." गल्लीतल्या एका मुलानं मोबाईलवर रमीत पैसे घालवल्यापासून त्यांनी धास्ती घेतली आहे. जाता जाता वाचक असंही लिहितात की शिवजयंतीच्या चित्ररथात मंडळाच्या सजीव देखाव्यात ते दरवर्षी असतात, गेल्या खेपेला बहिर्जी नाईक झाले होते आणि फेटा वडिलांनीच बांधला होता. त्यांचा प्रश्न: वय झालं म्हणून मजा गेली का? लॅपटॉप विकून ह्यातनं मोकळं व्हावं का?

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ४२ गेमांबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्या आहेत आणि वहीबद्दल दीड पान. पुठ्ठ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता, तेसुद्धा लिहिलंय. ज्याची गोडी संपली त्याबद्दल माणूस एवढं लिहीत नाही. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. लॅपटॉपचं शेवटी बघू. मजा मुळात कशात होती ते आधी शोधू या, कारण ती कुठं सांडली ते तुमच्याच पत्रात जवळजवळ लिहिलेलं आहे.

वहीत नकाशे का काढावे लागले, आठवतंय? 'मॉरोविंड' २००२ सालचा. त्यात कुणी काम सांगितलं की वाटही तोंडीच सांगायचं: पूल ओलांडा, नदीच्या कडेनं चला, खडकापाशी वळा. पडद्यावर बाण नाही, ठिपका नाही. खानापूर तालुक्यातल्या आतल्या एखाद्या गावाला पहिल्यांदा जाताना सांगतात तसंच: "फाट्यावरनं आत या, देऊळ लागतंय, तिथनं उजवीकडं वळा, आणि पुढं कुणालाही विचारा." वाट चुकायची, आणि चुकलेल्या वाटेवर भलतंच काहीतरी हाती लागायचं. त्याच बेथेस्डा कंपनीनं २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' काढला. त्यात होकायंत्र आलं, कुठं जायचं ते दाखवणारी खूण आली, नकाशावर क्लिक केलं की तिथं पोचायची सोय आली. सोय वाईट नव्हती, शिफ्ट करून आलेल्या माणसाला ती हवीच असते. पण खुणेमागं चालणारा नकाशा काढत नाही, आणि ज्या गावाची वाट आपण कधी चुकलोच नाही ते गाव आपल्या लक्षातही राहत नाही. तुमच्या यादीतले बहुतेक गेम ह्या सोयीनंतरचे आहेत. म्हणजे थोडं तुम्ही बदललात आणि थोडे गेमही बदललेत. सगळा दोष वयावर घालू नका.

पहिल्याच गावातला फार्गोथ तुम्हाला आठवत असणार. सेयडा नीन, दलदलीच्या काठावरचं लहानसं गाव. कचेरीत तुमचं नाव, वंश, धंदा नोंदवून घेतात, आणि बाहेर पडताना अंगणातल्या एका पिंपात अंगठी सापडते. बाहेर आलात की हा बुटका माणूस विचारतो, माझी अंगठी कुठं दिसली का? द्यायची, की खिशातच राहू द्यायची? दिली तर तो खूश होतो, आणि त्याचा दोस्त असलेला दुकानदार अरिलही तुमच्याशी जरा बरा वागायला लागतो. नाही दिली तर अंगठी तुमची, आणि ती कामाची आहे. पुढं त्याच दुकानात एक दांडगा भेटतो. तो म्हणतो, फार्गोथनं पैसे कुठंतरी लपवलेत, रात्री दीपस्तंभावर चढून पाळत ठेव. फार्गोथ अंधारात हळूच निघतो, इकडंतिकडं बघतो, पाण्यातल्या एका झाडाच्या बुंध्यापाशी वाकतो. सकाळी ज्याची अंगठी परत दिली त्याच्याच बुंध्यात रात्री हात घालायचा का? खानापूरच्या त्या खोलीत दोघांचा ह्यावर वाद झाला नसेल तर मला नवल वाटेल.

ह्या प्रकारच्या खेळांत मला जे आवडतं ते सगळं ह्या एवढ्याशा प्रसंगात आहे. तू कोण, असं गेम विचारतो. तुम्ही वागून उत्तर देता. आणि ते उत्तर कुणीतरी लक्षात ठेवतं. तलवारी, जादू, राक्षस हे त्याच्या भोवतीचं. ह्याचं मूळ १९७४ च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' मध्ये आहे, आणि त्यात कॉम्प्युटर नव्हताच. टेबलाभोवती मित्र, फासे, कागद-पेन्सिल, आणि गोष्ट पुढं नेणारा एकजण. कोण काय म्हणालं, कुणी कुणाला फसवलं, हे लक्षात ठेवायला समोर माणूस बसलेला असायचा. तुम्ही दोघांनी नकळत तेच केलंत. पडद्यासमोर माणसं दोन, मध्ये वही, आणि त्यात तीन लिप्या. आपल्या भागात रांगेत कन्नड, घरात मराठी, ड्रॉइंगवर इंग्रजी असं चालतंच. एका गेमपायी तिन्ही भाषा एका पानावर आल्या, ह्याचं मला फार कौतुक वाटलं.

आता आजचं बघू. दिवसभर तुमच्या हातात व्हर्नियर असतो. जॉब मापात बसला तर ओके, नाही बसला तर रिजेक्ट. ते काम तसंच झालं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईकाकडनं माल परत येतो. पण रात्री दहा वाजता एक्सेल उघडून तुम्ही परत तेच करायलाय. किंमत, तास, टक्के. ४२ जॉब आले, ४२ रिजेक्ट झाले. मला विचाराल तर तुमच्या यादीत एक रकाना चुकीचा आहे आणि एक नाहीच आहे. टक्क्यांचा रकाना चुकीचा. आणि 'मी ह्यात कोण होतो' हा रकाना कुठंच नाही.

गेम पुरा झाला नाही म्हणजे पैसे वाया गेले, हे तुम्ही धरूनच चाललाय. 'मॉरोविंड' तरी पुरा केला होता का? पत्रात तसं कुठं म्हटलेलं नाही, आणि त्याची खंतही दिसत नाही.

यूट्यूबवरच्या बिल्डचंही तसंच. दुसऱ्यानं तावूनसुलाखून घेतलेला माणूस तुम्ही आयता अंगावर घेता, मग त्याच्यात चुकायला जागा उरत नाही. मी स्वतः हे खेळ उशिरा, पस्तिशीनंतर खेळायला लागले, भाचीच्या नादानं. २०१९ चा 'डिस्को इलिसियम' तिनं लावून दिला. त्यात नेहमीची मारामारी नाही, नुसतं बोलणं आणि विचार. डिटेक्टिव्ह दारूच्या धुंदीतून जागा होतो, स्वतःचं नावही आठवत नाही, आणि त्याचा टाय छताच्या पंख्याला लटकलेला असतो. मी डोक्यानं हुशार आणि अंगानं अगदीच लेचापेचा माणूस बनवला होता. टाय ओढायला गेले, हार्ट अटॅक आला, खेळ खलास. पाच मिनिटांत. भाची पोट धरून हसत होती. तो माणूस मी बनवला होता, म्हणून तो मेलेला मला आजही आठवतो. चांगला बिल्ड बघून बसले असते तर टाय निघाला असता आणि मी विसरले असते.

बॅरनकडं येऊ. ज्यांना 'द विचर ३' खेळायचा आहे त्यांनी हा एक परिच्छेद सोडून पुढं जावं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा हा २०१५ चा गेम. गेराल्ट, म्हणजे खेळताना आपण होतो तो राक्षस मारणारा विचर, लेकीसारखी असलेली सिरी शोधत येतो. बॅरन म्हणतो, तिची बातमी देतो, पण आधी माझी बायको आणि मुलगी शोधून दे. शोधता शोधता कळत जातं की हा दारूडा बायकोला मारायचा, आणि दोघी त्याच्याच भीतीनं पळाल्यात. पुढं दलदलीत एका टेकडीखाली, झाडाच्या मुळांत अडकलेला एक आत्मा भेटतो. मला सोडव, मी इथल्या अनाथ पोरांना वाचवतो, असं म्हणतो. सोडवलं तर पोरं वाचतात, पण जवळचं गाव उद्ध्वस्त होतं, बॅरनची बायको मरते आणि तो गळफास घेतो. मारून टाकलं तर बायको जगते पण तिचं भान जातं, बॅरन तिला घेऊन उपचाराला दूर निघून जातो, आणि पोरं मात्र हातची जातात. तुम्ही ह्यातला 'बरोबर' पर्याय शोधलात. गेम करणाऱ्यांनी बरोबर पर्याय ठेवलेलाच नाही. निवडताना पुढचं काही माहीत नसतं, आणि त्या न माहीत असण्यातच तो प्रसंग आहे. तुम्ही दोन्हीकडचे परिणाम आधी वाचले आणि समोर उरली फक्त वजाबाकी: किती जीव इकडं, किती तिकडं. वजाबाकी करायला कोण परत लॅपटॉप उघडेल? तिथं तुमचं मन उडालं ह्यात तुमची चूक नाही, तुम्हाला त्या माणसांचं काहीतरी वाटत होतं म्हणूनच ते उडालं.

आणि आता तुमच्या बायकोचा प्रश्न. "ह्यात तुमचं काम काय असतं?" तुम्ही तो टोमणा समजलात. टोमणाच मारायचा असता तर त्या शेजारी येऊन बसल्या नसत्या, दारातूनच मारून गेल्या असत्या. त्यांचा शब्द बघा. नाटकात, देखाव्यात आपण हेच विचारतो: तुझं काम काय? म्हणजे तू कोण झालायस? रोल-प्लेइंगला ह्याहून नेमका प्रश्न मला तरी सुचत नाही. तुम्ही 'काम' म्हणजे उद्यमबागेतलं काम असा अर्थ घेतलात आणि शरमलात. मला वाटतं, गेल्या काही वर्षांत गेमकडं बघतानाही तुमच्या मनात 'काम' ह्या शब्दाचा अर्थ असाच बदलत गेलाय. आज रात्री त्यांना सांगा की मी विचर होतो, अमुक ठिकाणी अडकलो, तू असतीस तर काय केलं असतंस? आणि त्या जे म्हणतील तो पर्याय निवडून टाका. तुम्हाला दोन्ही शेवट माहीत आहेत, त्यांना नाहीत. तो प्रसंग त्यांच्यासाठी अजून जिवंत आहे.

वयाचं म्हणाल तर बहिर्जी नाईक झालात तेव्हा तुम्ही तेहतीस-चौतीसचे होतात. फेटा बांधून, मिशा लावून रात्रभर ट्रॉलीवर उभे होतात. आप्पांनी तेव्हा "पोरगी झाली तरी" असं काही म्हटलं नाही, उलट स्वतः फेटा बांधून दिला. वेशांतरात तरबेज म्हणून ज्याची ख्याती, त्या माणसाचं सोंग तुम्ही घेतलंत आणि सगळी गल्ली बघायला आली. सोंग घेणं ह्या भागात पोरकटपणाचं कधीच नव्हतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, तो कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. तेव्हा 'खेळ' म्हणत, आजही नाटकाचा खेळ लागतो असंच आपण म्हणतो. फरक एवढाच की ट्रॉलीवरचं सोंग सगळ्यांना दिसतं आणि लॅपटॉपवरचं तुमच्याशिवाय कुणालाच नाही. घरच्यांना फक्त तुमची पाठ आणि पडद्याचा उजेड दिसतो. त्यांना काळजी वाटली तर ती मला रास्तच वाटते.

आप्पांची काळजी वेगळी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या लेखी गेम म्हणजे पैसे लावायचं. गल्लीत तसं घडलेलं त्यांनी बघितलंय. त्यांना शेजारी बसवून दाखवा की इथं गेम एकदाच विकत घेतला, पुढं पैसे जात नाहीत आणि मिळतही नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो कायदा केला त्यातही पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे, करमणुकीचे गेम आणि ई-स्पोर्ट्स त्यातनं वेगळे ठेवलेत. हेही सांगा. पण तुम्ही स्वतः एका गोष्टीत सावध राहा. फुकट मिळणारे काही रोल-प्लेइंग गेम आहेत, २०२० चा 'गेनशिन इम्पॅक्ट' त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. त्यात नवं पात्र मिळणं नशिबावर असतं, आणि नशीब परत परत आजमावायला पैसे देता येतात. गेम देखणा आहे. पण हप्ते चालू असताना आणि सेलमध्ये हात आवरत नसताना मी तुम्हाला तो सुचवणार नाही.

मग करायचं काय? ती एक्सेल फाईल बंद करा. पुसू नका, बंद करा. लॅपटॉपवर एकच गेम ठेवा, बाकीचे अनइन्स्टॉल करा. ते विकत घेतलेलेच आहेत, कुठं पळून जात नाहीत. आणि कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातनं नवी दोनशे पानी वही आणा. खेळून उठताना दोनच ओळी लिहायच्या: आज मी काय ठरवलं आणि का. टक्के लिहायचे नाहीत. पुढचा सेल येईल तेव्हा स्वतःला एक अट घाला: आधीच्या गेमची गोष्ट घरात कुणाला तरी सांगून झाल्याशिवाय नवा घ्यायचा नाही. सांगण्यासारखं काही नसेल तर तो गेम तुमचा नव्हता, सोडून द्या, अपराधी वाटून घेऊ नका. घेतलेला नवा गेम लगेचच आवडला नाही तर स्टीम ह्या गेम विकणाऱ्या साइटवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. बरेच जण हे विसरतात आणि यादी वाढत जाते.

कुठला गेम ठेवायचा? तुमच्याकडं रात्री मुलगी झोपल्यावर तासभर असतो. 'पर्सोना ५' सारखा शंभरेक तासांचा गेम त्या तासाला उचलत नाही, सहा महिन्यांत आधीचं विसरायला होतं. 'अंडरटेल' घ्या. २०१५ चा, टोबी फॉक्सनं बराचसा एकट्यानं केलेला, आठ-दहा तासांत होतो. त्यात वाटेत येणाऱ्या एकालाही न मारता शेवटापर्यंत जाता येतं, आणि कुणाला मारलं असेल तर गेम ते मनात ठेवतो, पहिल्यापासून खेळायला घेतलात तरी. तो आधी काहीही न वाचता खेळायचा, हे माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. त्यानंतर १९९५ चा 'क्रोनो ट्रिगर', वीस-पंचवीस तासांचा. तीस वर्षं झाली तरी त्याची गोष्ट कुठं रेंगाळत नाही, आणि शेवट डझनाहून जास्त आहेत, त्यामुळं 'पुरा झाला' म्हणजे काय हा प्रश्नच तो सैल करून टाकतो. पुन्हा वाट चुकायची असेल तर सरळ 'मॉरोविंड' लावा. आता तुमच्या लॅपटॉपला तो अगदीच हलका जाईल.

वेळ नसलेलं, नुकतीच लेकरं झालेलं आणखी कुणी हे वाचत असेल तर पाळीपाळीनं लढायचे गेम निवडा. तुमची पाळी असली की गेम थांबून राहतो. बाळ रडलं तर उठता येतं, दूध गरम करून परत येता येतं, तोवर राक्षस उभाच असतो. २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' तसा आहे, आणि तो चार जणांना मिळून ऑनलाइन खेळता येतो. मोठा आहे, भारी लॅपटॉप मागतो, प्रत्येकाला आपापला विकत घ्यावा लागतो. तरी तुमच्या आतेभावासाठी मी त्याचं नाव घेते. आठवड्यातनं एक रात्र, रविवारी नऊ ते अकरा, तो पुण्यातनं आणि तुम्ही इथनं. पुरा व्हायला वर्ष लागलं तर लागू दे. मंडळाच्या देखाव्याच्या तालमीला जसं घरात सांगून जाता तसं ह्या दोन तासांचंही सांगून ठेवा.

बायकोला स्वतः खेळून बघावंसं वाटलं तर 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन ह्या एकाच माणसानं चार वर्षांहून जास्त खपून तो २०१६ मध्ये आणला. आजोबांची पडीक जमीन वाट्याला येते, गावचा मुखिया पंधरा बिया देतो, तिथनं सुरुवात. पाणी घालायचं, मासे धरायचे, गावातल्या माणसांशी ओळख वाढवायची, कुणाला काय आवडतं ते लक्षात ठेवायचं. एकाच लॅपटॉपवर पडदा दुभागून दोघांना खेळता येतो, दुसऱ्यासाठी एक कंट्रोलर लागतो. इंग्रजी सोपं आहे. शेती बघितलेल्या माणसाला त्यातल्या चुका दिसतात आणि त्यावर बोलायलाही मजा येते. आप्पांना दाखवायलाही हाच बरा.

एक गोष्ट गंभीरपणे. तुमच्या पत्रात मला व्यसन दिसत नाही. चार तास खेळून सोडून देणारा माणूस व्यसनी नसतो. पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी झोप, नोकरी, अभ्यास, जेवण सगळं गेमपुढं मागं पडलं असेल, आणि नुकसान दिसत असूनही हात थांबत नसेल, तर त्याला आळस म्हणून ओरडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे, आणि असं साधारण वर्षभर चालू असेल तर ते निदान करतात. बेंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून ह्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. तेवढं लांब जाण्याआधी १४४१६ ह्या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) नंबरवर फुकट बोलता येतं.

लॅपटॉप विकू नका, निदान ह्या वर्षी. हप्ता खरंच जड जात असेल तर तो पैशाचा प्रश्न आहे, बायकोबरोबर बसून हिशोब करा आणि तसा निर्णय घ्या. मजा गेली म्हणून विकलात तर मजा कुठं गेली ते कधीच कळणार नाही, आणि पाच वर्षांनी दुसऱ्या कशाची तरी यादी एक्सेलमध्ये असेल.

आत्याकडं ह्या रविवारी जाऊन या. बेळगावहून खानापूर काय लांब नाही, मुलीलाही न्या. माळ्यावरनं वही काढा आणि दोनचार पानांचे फोटो आतेभावाला पाठवा, त्याच्या कन्नड अक्षरातलं पान पहिलं. आणि फार्गोथची अंगठी तुम्ही दोघांनी परत दिली होती की ठेवून घेतली होती, त्याची नोंद वहीत सापडली तर मला नक्की लिहून कळवा.